येड्यांच्या बाजूनं

आमच्या वर्ध्याकडे ‘येडा’ हा शब्द शिवीपेक्षा निदान म्हणून जास्त वापरतात. पहाटे साडेचारला बूट घालून कोणी हनुमान टेकडीकडे निघाला की फाटकाशी उभे असलेले शेजारचे काका विचारतात, “काऊन बाप्पा, आज बी निघाला काय?” तो हसून पुढे गेला की काका घरात वळतात आणि काकूंना सांगतात, “येडा हाय थो.” काकांच्या आवाजात राग नसतो, थट्टाही नसते. अमक्याला साखर आहे, तमक्याचा गुडघा गेला, तसं याला हे आहे. एवढीच ती नोंद.

मला या येड्याची बाजू घ्यायची आहे. काही मिळणार नाही हे पक्कं ठाऊक असूनही जे माणसाला चढ चढायला लावतं, त्या वेडाचं मी कौतुक करणार आहे, आणि त्यातला शब्दन् शब्द मला म्हणायचा आहे. माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. गरजेपोटी प्रत्येकच जण कष्ट करतो. गरज नसताना, स्वतःच्या मर्जीनं अवघड वाट धरणं हा माणसाचा हक्क आहे, आणि तो जितका पोट भरलेल्याचा तितकाच रिकाम्या पोटाचाही आहे.

तसा हा जिल्हा चढणीचा नाही. कापूस, तूर, सोयाबीनची काळी जमीन. धाम, बोर, यशोदा आणि वणा या नद्या, आणि सीमेवरून वाहणारी वर्धा. उत्तरेकडे सातपुड्याची एक सोंड आर्वी-कारंजाच्या बाजूनं खाली उतरते. गरमसूर, ढगा, बोरचं जंगल हा आमचा काय तो उंचवटा. दक्षिणेला समुद्रपूर तालुक्यात गिरडची टेकडी. सह्याद्रीतल्या पोराला डोंगर अंगणात मिळतो, आमच्या पोराला तो शोधत जावं लागतं. म्हणूनच सपाट मुलखातलं डोंगरवेड मला जास्त मोलाचं वाटतं. त्यामागे ना घराण्याची परंपरा, ना गावाची सक्ती.

गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. त्या टेकडीवर सुपारीएवढे, जायफळाएवढे गोल गोल दगड सापडतात. भूगर्भशास्त्र सांगतं की ज्वालामुखीच्या खडकात राहिलेल्या पोकळ्यांमध्ये झिओलाइट नावाची खनिजं भरत गेली, त्या या गोट्या. लोककथा वेगळं सांगते. टेकडीवर तप करत बसलेल्या फकिराची माल घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी टवाळी केली आणि त्यांच्या सगळ्या मालाचे दगड झाले. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला व्यापाऱ्यांची कीव यायची. आता वाटतं, कथा रचणाऱ्यांनी फार मोलाची गोष्ट सांगून ठेवली आहे. टेकडीवर बसलेल्या येड्याला हसू नये, एवढं या जिल्ह्यातल्या माणसांना शेकडो वर्षांपासून कळत होतं.

आमच्याकडचं सगळ्यात जुनं गिर्यारोहण महादेवाचं. विदर्भातल्या खेड्यात ‘तो महादेवाले गेला’ म्हटलं की तो पचमढीला गेला हे सांगावं लागत नाही. महाशिवरात्रीला चौरागडावर त्रिशूळ वाहायचा, नवसाप्रमाणे लहान किंवा मोठा. हजाराच्या वर पायऱ्या आणि खांद्यावर लोखंड. वर पोचलं की त्रिशुळांचं रानच दिसतं. आणि श्रावणात नागपंचमीच्या सुमाराला नागद्वारी. हा सगळा मुलूख सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येतो. एरवी वाट बंद असते, वर्षातून दहा-बारा दिवस उघडते. तेवढ्या दिवसांत विदर्भातून माणसांची रीघ लागते. नागपूर, छिंदवाडा, तामिया करत गाड्या जातात, आणि जलगलीपासून पुढे फक्त पाय. काजरी, पद्मशेष, स्वर्गद्वार अशी ठिकाणं घेत डोंगर चढायचे, दऱ्या उतरायच्या, पुन्हा चढायचं. वरून पाऊस, खाली शेवाळ, मध्ये धुकं. अनोळखी माणसंही एकमेकांना ‘भगत’ म्हणून हाक मारतात. विदर्भातली सेवा मंडळं जंगलात राहुट्या टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवू घालतात आणि एक पैसा घेत नाहीत.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अकरा वर्षांचा होतो, आजीसोबत. निंदण आटोपलं होतं, डवरे उभे करून ठेवले होते, आणि हातात आठ दिवस होते. आजीच्या पिशवीत दशम्या, जवसाची चटणी, एक लुगडं आणि युरियाच्या गोणीची खोळ. पायात काही नाही. चपला तिनं जलगलीला एका झाडाखाली काढून ठेवल्या आणि परत येईपर्यंत त्यांचा विचारही केला नाही.

वाटेत लोखंडी शिड्या लागतात. पहिल्या शिडीपाशी मी थांबलो. लोखंड ओलं होतं, बोटं गार पडली होती. पुढच्याच्या पायातला चिखल ओघळून माझ्या मनगटावर येत होता. खाली पाहिलं तर धुक्याशिवाय काही नव्हतं, आणि काही दिसत नाही हीच भीती मोठी होती. मागून आजीचा आवाज आला, “खाली नको पाहू बाबू. हात कुठी ठेवाचा थे पाय.” मी हललो नाही. मग तिनं माझा उजवा हात धरून वरच्या पायरीवर ठेवला, माझी बोटं लोखंडाभोवती एकेक करून आवळली आणि म्हणाली, “एक उचलाचा, तीन रोवाचे.”

हात दोन, पाय दोन. एका वेळी एकच हलवायचा, उरलेले तीन घट्ट. पुढे पंधरा वर्षांनी प्रस्तरारोहणाच्या शिबिरात प्रशिक्षकानं फळ्यावर माणसाचं चित्र काढून हाच नियम समजावला, तेव्हा मला शाळा न पाहिलेली आजी आठवली. हा नियम तिला कोणी शिकवला असेल? तिच्या आजीनंच शिकवला असणार. दोर, हेल्मेट, बूट काहीही नसताना पिढ्यान् पिढ्या ओल्या कड्यांवरून जाऊन परत आलेल्या बायकांनी तो जपला होता. गिर्यारोहण साहेबांनी आणलं असं आपण म्हणतो. साहेबांनी त्याचे बूट आणि दोर आणले. वेड आमच्याकडे आधीपासून होतं, आणि त्या वेडासोबत जिवंत राहायची विद्याही होती.

“पोट भरलेल्यांचे हे धंदे,” असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी आजीची ही वारी सांगतो. तिचं पोट कधीच फार भरलेलं नव्हतं. दोन एकर कोरडवाहू आणि सावकाराचं खातं. वर्षभर ती जे करायची ते सगळं गरजेचं: वेचणी, निंदण, सरपण, पाणी. वर्षातले ते आठ दिवस तेवढे तिचे. त्या दिवसांत तिनं उपसलेले कष्ट शेतातल्यापेक्षा जास्त होते, पण ते तिच्यावर कोणी लादलेले नव्हते. तिचा चेहरा त्या वाटेवर जसा दिसायचा तसा मी घरी कधी पाहिला नाही.

या जिल्ह्याला दुसरं वेड लागलं ते पायी चालण्याचं. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी वर्ध्याहून सेगावला पायी गेले. वर्ध्याचा एप्रिलअखेर ज्यांनी अंगावर घेतला आहे त्यांना या वाक्याचं वजन कळेल. सापाविंचवाच्या, मलेरियाच्या त्या गावात देशाच्या पुढाऱ्यानं राहायला जाणं हा त्या काळच्या शहाण्यांच्या हिशेबात बसणारा प्रकार नव्हता. त्याच सेगावचं पुढे सेवाग्राम झालं.

आणि विनोबा. जन्म कोकणात, गागोद्याचा. पण १९२१ साली वर्ध्याला आले आणि इथलेच झाले. एप्रिल १९५१ मध्ये हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होतं. रेल्वे होती, पण विनोबा पायी निघाले. सुमारे तीनशे मैल. पोटात अल्सर, जेवण म्हणजे दही, दूध, मध. संमेलन आटोपल्यावर तेलंगणातून हिंडताना १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूमिहीनांनी ८० एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी उठून उभे राहिले. म्हणाले, मी शंभर एकर देतो. भूदान यज्ञ तिथून सुरू झाला. पुढची तेरा वर्षं विनोबा चालत राहिले. गाडीनं गेले असते तर पोचमपल्लीत मुक्काम पडण्याचं काही कारण नव्हतं. चालण्याच्या येडेपणानंच ते गाव त्यांच्या वाटेत आणून ठेवलं.

या पदयात्रेतला एक प्रसंग मात्र गिर्यारोहणाच्या इतिहासात मानानं लिहायला हवा, आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. १९५९ साली विनोबा जम्मू-काश्मीरमध्ये चालत होते. वय ६३. पूंछकडून काश्मीरच्या खोऱ्यात उतरायचं तर मध्ये पीरपंजाल. लोरण नावाच्या गावी पावसानं त्यांना अडवलं. दिवसामागून दिवस पाऊस थांबेना. मोटारीचा दुसरा रस्ता होता. विनोबांनी मनाशी ठरवलं की पीरपंजाल ओलांडता आला नाही तर ती ईश्वराची इच्छा समजायची आणि दुसऱ्या वाटेनं काश्मीरला न जाता पंजाबात परत फिरायचं. पाऊस उघडला. साडेतेरा हजार फुटांवरून हा दह्या-मधावर जगणारा म्हातारा पलीकडे उतरला.

मला त्यांच्या चढण्यापेक्षा त्यांच्या त्या निश्चयाचं अप्रूप जास्त आहे. चढायची जिद्द पुरी आणि परत फिरायची तयारीही पुरी, दोन्ही एकाच मनात. डोंगरात जाणाऱ्याला यापलीकडे काही शिकायचं नसतं. सपाट वर्ध्यातून निघालेल्या माणसाला ते शिकायला कुठल्या संस्थेत जावं लागलं नाही. पवनारची धाम नदी आणि आठ वर्षांची पायपीट तेवढी पुरली.

आता अलीकडची गोष्ट. २०१७ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांच्या पोरापोरींना एव्हरेस्टसाठी तयार करायचं ठरलं. मोहिमेचं नाव मिशन शौर्य. आदिवासी विकास विभाग आणि चंद्रपूरचं जिल्हा प्रशासन मागे उभं होतं. आशुतोष सलिल तेव्हा चंद्रपूरचे जिल्हाधिकारी होते, त्याआधी ते आमच्या वर्ध्याला होते. या पोरांच्या प्रशिक्षणाची सुरुवात झाली वर्ध्यात. मग हैदराबाद, मग दार्जिलिंग, मग लेह-लडाख.

वर्ध्यात एव्हरेस्टची तयारी! हे ऐकून आमच्याकडच्या अनेकांनी कपाळावर हात मारला असेल. मला ती फार योग्य जागा वाटते. पहिल्या पायरीवर बर्फ लागतच नाही. पाय आणि छाती लागते, पहाटे उठायची सवय लागते, दमल्यावर आणखी एक फेरी मारायचं मन लागतं. हे सगळं पंचेचाळीस अंशांच्या गावात नीट तयार होतं. बर्फ नंतर शिकता येतो. तोही या पोरांनी टप्प्याटप्प्यानं शिकला. हैदराबादकडे खडकाची ओळख झाली, दार्जिलिंगला तेनसिंग यांनी जिथे पिढ्या घडवल्या त्या संस्थेचा मुलूख पाहिला, लडाखला थंडीचा मारा सोसला. माणूस एकदम उंचावर गेला तर मरू शकतो. हळूहळू गेला, वर चढून खाली झोपायला आला, असं पुन्हा पुन्हा केलं, तर रक्त त्या विरळ हवेला सरावतं. गिर्यारोहणातली सर्वांत मोठी विद्या म्हणजे ही सबुरी. बाहेरून पाहणाऱ्याला दिसतो तो शिखरावरचा झेंडा. त्यामागे दहा महिने ‘आज इतकंच’ म्हणणं असतं.

मे २०१८ च्या तिसऱ्या आठवड्यात मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काटमोडे आणि विकास सोयाम एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. ८,८४८ मीटर. तिथे प्राणवायूचा दाब समुद्रसपाटीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा राहतो. आठ हजार मीटरच्या वर शरीर काहीच भरून काढत नाही, ते फक्त खर्च होत जातं. तेव्हा वर्ध्यात, चंद्रपुरात आम्ही कूलरसमोर बसून पाणी मारलेल्या वाळ्याचा वास घेत होतो. टीव्हीवर ती बातमी आली तेव्हा काकांनी फाटकापाशी मला थांबवून विचारलं, “आपल्या इकडची पोट्टी हायेत ना थे?” मी हो म्हटलं. काका जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “येडे हायेत लेकाचे,” आणि त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदा अभिमान ऐकला.

ही पोरं जिवतीच्या, देवाड्याच्या आश्रमशाळांतली. जिवतीचा मुलूख माणिकगड पहाडावरचा. तिथल्या गोंड-कोलाम वस्त्यांमध्ये डोंगर चढणं हे रोजचंच. पाणी खाली, घर वर. तेंदूपत्ता, मोहफूल, सरपण सगळं चढ-उताराचं. त्या चढण्याचं कौतुक कोणी केलं नाही, छायाचित्र कोणी काढलं नाही, कारण ते गरजेचं होतं. ज्यांच्या आयांनी आयुष्यभर हंडा घेऊन चढ चढला त्यांच्या पोरांना पहिल्यांदा हंडा न घेता चढायला मिळालं, हेच मला मिशन शौर्यचं खरं मोल वाटतं. वर नेण्यासारखं काही नाही, खाली आणण्यासारखं काही नाही, फक्त चढायचं. गरिबाच्या लेकराला अन्न, वस्त्र, शाळा मिळाली पाहिजे हे सगळे मान्य करतात. त्याला बिनगरजेचं, अवघड, सुंदर असंही काही मिळालं पाहिजे, हे म्हणणारे थोडे. आमच्या शेजारच्या तेलंगणानं हे आधी ओळखलं होतं. निजामाबाद जिल्ह्यातल्या पाकाला गावची मालावत पूर्णा सरकारी निवासी शाळेतली पोर. भोनगीरच्या प्रचंड एकसंध खडकावर चढायला शिकली आणि २५ मे २०१४ ला, वयाच्या तेरा वर्षे अकरा महिन्यांत, एव्हरेस्टवर उभी राहिली. ते भोनगीर आणि विनोबांचं पोचमपल्ली आज एकाच जिल्ह्यात आहेत. एकाच मातीतून जमिनीचं दानही उगवलं आणि ही पोरगीही. मला त्यात योगायोगापेक्षा जास्त काहीतरी दिसतं.

मिशन शौर्यच्या मोहिमेत दहा जण गेले होते. पाच माथ्यावर पोचले, पाच परत आले. वर्तमानपत्रांनी पहिल्या पाचांची नावं मोठ्या अक्षरांत छापली, ते बरोबरच झालं. मला इथे दुसऱ्या पाचांना हात जोडायचे आहेत. महिनोन् महिने घाम गाळून, घरचे-दारचे, सरकार, शाळा सगळे डोळे लावून बसलेले असताना मागे फिरायचं, याला जे धाडस लागतं ते वर चढायला लागत नाही. परत फिरायचा निर्णय घेतला की मन आतून चिमटे काढत राहतं. मी हे थोडंफार जाणतो.

चाळिशीत मी पुन्हा नागद्वारीला निघालो होतो. या वेळी आजी नव्हती, सोबत दोन मित्र. पाऊस तीन दिवस लागून होता. वाटेतल्या एका नाल्यापाशी आलो. पाणी गुडघ्याएवढं, फार तर मांडीपर्यंत. पलीकडचा काठ वीस पावलांवर. मी एक पाय घातला आणि थांबलो. पाण्याच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता, बारीक, ठणठण. तळातले दगड एकमेकांवर आपटत वाहत होते. त्या आवाजाचा अर्थ डोंगरात फिरणारे सगळे जाणतात. जे पाणी दगड उचलतं ते माणूसही उचलतं. अशा वेळी एक उचलला तर उरलेले तीन रोवायला जागाच नसते. आम्ही मागे फिरलो. खाली सेवा मंडळाच्या राहुटीत गरम भात-आलन खाल्लं आणि परत आलो. माझ्या मनात ती अपुरी वाट वर्षभर सलत होती. पण ती सलायला मी होतो.

म्हणून येडेपणाच्या नावाखाली जे काही आजकाल चालतं त्यातलं बरंचसं मी येडेपणा मानत नाही. धबधब्याच्या काठावर पाठ फिरवून मोबाइल धरणं, दारू पिऊन कड्यावर चढणं, ‘बंद’ असं लिहिलेल्या वाटेवर पावसाळ्यात शिरणं, ही बेपर्वाई आहे. बेपर्वा माणसाला डोंगर नको असतो, डोंगरासमोर स्वतः हवा असतो. येड्याचं चित्त सगळं डोंगराकडे. दोराला गाठ घातली की तो ती दोनदा ओढून पाहतो, मग सोबत्याची पाहतो. त्याच्या पिशवीत दोरीचा एक जादा तुकडा असतो, एक जादा भाकर असते, आणि ती दोन्ही बहुतेक वेळा दुसऱ्यासाठीच निघतात.

याचा पुरावा हवा असेल तर त्याच २०१८ सालचा देतो. २८ जुलैला पोलादपूरजवळच्या आंबेनळी घाटात कर्मचाऱ्यांच्या सहलीची बस दरीत कोसळली. ३० जण गेले. शेकडो फूट खोल, निसरडी, पावसानं भरलेली ती दरी. तिच्यात दोर लावून उतरले ते महाबळेश्वर ट्रेकर्सची आणि इतर गावांची पोरं. कोणी हॉटेलात काम करणारा, कोणी दुकान चालवणारा, कोणी गाइड. भर पावसात एकेक देह त्यांनी वर काढला, घरच्यांच्या हवाली केला. त्यांना याचा पगार नव्हता. महाराष्ट्रात अशी माणसं गावोगाव आहेत. रात्री-बेरात्री फोन येतो, कुठल्याशा किल्ल्यावर कोणी अडकलं आहे, आणि ही माणसं दुसऱ्या दिवशीच्या नोकरीचा विचार न करता दोराची पिशवी उचलतात. रविवारी त्यांना दोराला लोंबकळताना पाहून ज्यांनी ‘येडे’ म्हटलं असेल, त्यांच्याच कोणाला तरी हे येडे वर काढतात. बिनकामाची म्हणून शिकलेली विद्या अशी एका रात्री सगळ्या गावाच्या कामी येते. पण तेवढ्यासाठीच ती शिकावी असं मी म्हणणार नाही. कामी आली नसती तरी ती मोलाचीच होती.

या वेडाची किंमतही असते, हे लपवून कौतुक करणं खोटेपणाचं होईल. हिमालयानं मराठी माणसं ठेवून घेतली आहेत, सह्याद्रीनंही. त्यांच्या घरच्यांसमोर वेडाची महती गायची माझी हिंमत नाही. मी त्यांच्यासमोर गप्पच बसेन. मात्र एक गोष्ट मला दिसते. आमच्या विदर्भात माणसं काही न चढताही खचतात. कर्जापायी, एकटेपणापायी, ‘आता पुढे काही नाही’ या भावनेपायी. सपाट जमिनीवरही दरी असते आणि तिच्यात उतरलेली माणसं आम्ही गावोगाव पाहिली आहेत. माझ्या आजीवर कमी आपत्ती आल्या नाहीत. दोन दुष्काळ, तरणा मुलगा गेलेला. ती दर श्रावणाची वाट पाहत जगली. पुढे एक चढ आहे आणि तो आपल्याला चढायचा आहे, एवढ्या एका गोष्टीनं माणूस किती वर्षं तग धरतो हे मी घरात पाहिलं आहे.

आमची हनुमान टेकडी म्हणजे सह्याद्रीवाल्यांच्या दृष्टीनं उंबरठाच. एके काळी ती नुसता मुरूम होती, उघडी आणि तापलेली. वैद्यकीय जनजागृती मंचाची माणसं तिथे झाडं लावायला लागली, तशीच पलीकडे आयटीआय टेकडीवर निसर्ग सेवा समितीची. मुरमात खड्डा खोदणं म्हणजे काय ते ज्यानं टिकाव मारला आहे त्यालाच कळतं. पहिल्या चार घावांना नुसत्या ठिणग्या. मग पाणी वर न्यायचं, मे महिन्यात रोप जगवायचं. डॉक्टर, मास्तर, दुकानदार, घरच्या बायका हे करत राहिल्या. आज तिथे सावली आहे. पहाटे गेलं की खाली वर्धा अजून दिव्यांत असतं, वर कडुनिंबात पाखरं जागी होत असतात, आणि चढावर वीस-पंचवीस येडे भेटतात. गुडघे दुखणारी आजी असते, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी असतात, दोरीच्या उड्या मारणारा एखादा पेन्शनर असतो. कोणालाच वर काही मिळत नाही. सगळे रोज येतात.

मागच्या श्रावणात मी लेकीला घेऊन नागद्वारीला गेलो. ती बारा वर्षांची. सकाळी निघताना काका फाटकाशीच होते. त्यांनी तिच्या पाठीवरची पिशवी पाहिली, पायातले नवे बूट पाहिले. मला वाटलं, आता म्हणतील. ते आत गेले आणि हातरुमालात बांधलेल्या चार दशम्या घेऊन आले. “वाटेत खाशीन,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शिडीपाशी ती थांबली. लोखंड तसंच ओलं, खाली तसंच धुकं. मी मागे उभा होतो. तिचा हात धरावा असं मनात आलं, पण मी नुसतं सांगितलं, “एक उचलाचा, तीन रोवाचे.” तिनं माझ्याकडे पाहिलं. मग वरच्या पायरीवर हात टाकला, बोटं एकेक करून आवळली, आणि डावा पाय उचलला.